धनुष्याची पाठ कोणती?

लाकडाच्या डेपोत भुसा कसा साचतो ते कुणाला कळत नाही. सकाळी झाडून काढावा, तर संध्याकाळी पुन्हा पायाखाली. आमच्या डेपोतले किस्सेही असेच साचले. मोठ्या लढाईच्या आधीची गोष्ट. गोंदियाला स्टेशनामागे एका शेठचा लाकडाचा डेपो होता, तिथं मी मुन्शी होतो. पुष्कळ किस्से आहेत, पण आज फक्त एका धनुष्याचे सांगतो. कारण त्या तीन महिन्यांत आम्ही जेवढे गोंधळलो, तेवढे आयुष्यात पुन्हा कधी गोंधळलो नाही. आणि गंमत म्हणजे, प्रत्येक वेळी आम्हाला वाटत होतं की आता सगळं समजलं.

आम्ही चौघं. जगन्नाथ मिस्त्री, सुतार. आपल्याला येत नाही असं लाकडाचं काम देवानं अजून काढलेलं नाही, असं त्याचं स्वतःचंच मत. दुसरा केवलराम, आरा ओढणारा, दवनीवाड्याचा पोवार. कबीरपंथी, गळ्यात कंठी, मुंगीसुद्धा बाजूला सारून पाय टाकायचा. तिसरा सुकरू, आमचा चौकीदार. नवेगाव बांधाच्या पलीकडच्या जंगलातला गोंड. चौथा मी. मी चार बुकं शिकलो होतो म्हणून भांडण लागलं की निवाडा माझ्याकडं यायचा, आणि तो बहुतेक चुकायचा.

*

सुरुवात दसऱ्याला झाली. डेपोत हत्यारांची पूजा होती. करवत, रंधा, पटाशी, वाकस सगळं धुऊन मांडलं. मी दौत-लेखणी ठेवली. सुकरूनं आपलं धनुष्य आणून ठेवलं, दोरी उतरवलेलं, आणि तो आपट्याची पानं आणायला गेला.

जगन्नाथ म्हणाला, "बिना दोरीच्या धनुष्याची पूजा? मंग बिना दाताच्या करवतीची बी करा."

झालं. आम्ही दोरी चढवायला बसलो. धनुष्य आधीच एका बाजूला थोडं वाकलेलं होतं. तेव्हा ज्या बाजूला वाकलंय त्याच बाजूला आणखी वाकवायचं, यात शंका घेण्यासारखं काय होतं? दोरी बिनतक्रार चढली. जगन्नाथ म्हणाला, "पाहा, याले म्हनते मिस्त्रीचा हात." मग त्यानं ते कानापर्यंत ओढलं.

असा आवाज झाला की शेजारच्या राइस मिलमधला हमाल बाहेर येऊन पाहू लागला. सुकरू पानं घेऊन आला तेव्हा आम्ही तिघं हात जोडून पूजेपुढं उभे होतो.

"काऊन गा, आवाज कायचा झाला?"

"आरती झाली," मी म्हणालो.

त्यानं तुकडे पाहिले. ओरडला नाही. खाली बसला आणि तुकडे जोडून पाहू लागला. "उलटं चढवलं न तुमी," तो म्हणाला. "रिकामं राहते तवा ते मांगं वाकून राहते. दोरी चढवाची ते त्याच्या उलट्या अंगाले."

मग त्यानं सांगितलं ते ऐकून आमचं तोंड उतरलं. पुसाच्या, म्हणजे पौषाच्या पुनवेला त्याच्या गावी देवाची पूजा असते. पूजेचा पहिला बाण त्याच्या घरचा. धनुष्य त्याच्या बापानं केलेलं, आणि बाप दोन वर्षांपूर्वी गेला. पुनवेला घरचं धनुष्य नसलं, तर मान चुलतभावाच्या घरी जाणार. आणि एकदा गेलेला मान परत येत नाही.

"तुले बनवता येत नाई का?" केवलरामनं विचारलं.

"बा करत होता, मी पाहत होतो. पाहिलं तेवढं सांगतो."

"मंग झालंच," जगन्नाथ म्हणाला. "धनुष्य मंजे काय, एक वाकडी काठी. दोन दिवसाचं काम."

*

पहिलं धनुष्य खरंच दोन दिवसात झालं. उत्तम जुन्या सागाचं, पॉलिश मारलेलं. सुकरूनं ते हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "याची चौकट मस्त होईन."

पण मिस्त्रीचा अपमान नको म्हणून ओढलं. मधोमध मोडलं. जगन्नाथनं सागाला शिव्या दिल्या.

"धामन पायजे," सुकरू म्हणाला. "आन त्याले वरून बांबूची पट्टी."

बांबू डेपोतच पडला होता. धामण आणायचं काम केवलरामवर टाकलं. तो दोन दिवस गप्प गप्प होता. तिसऱ्या दिवशी एक मडकं घेऊन आला, तोंडाला फडकं बांधलेलं. माझ्या टेबलावर ठेवलं आणि चार पावलं मागं सरला.

"हे काय?"

"धामन. लांब पायजे म्हनत होता न तो? गारुड्याकडची सगळ्यात लांब हेच. पन मी सांगून ठेवतो मुन्शीजी, माह्यासमोर मारू नोका तिले. कातडं काढाचं असन तं मी घरी जातो."

मी खुर्चीवर चढलो, की खुर्ची सोडून पळालो, ते आता आठवत नाही. सुकरूला बोलावलं. त्यानं मडक्यात डोकावून पाहिलं.

"अरे बापा, धामन मंजे झाड."

"झाडाले धामन कोन म्हनते?" केवलराम चिडला. दोन दिवस त्या पापाच्या विचारानं त्याला अन्न गोड लागलं नव्हतं.

"आमच्याकडं सारेच म्हनते."

"आमच्याकडं सापाले म्हनते."

दोघं माझ्याकडं पाहू लागले. मी म्हणालो, दोन्ही बरोबर, पण मडकं आधी बाहेर न्या.

*

झाड मिळालं. नवेगावकडून लाकडाच्या गाडीत सुकरूच्या ओळखीच्या माणसानं धामणीचे तीन सरळ फाटे पाठवले. तोवर धान कापणीला आलं होतं. सुकरू आठ दिवसांची सुटी घेऊन गावी निघाला. जाताना म्हणाला, "बांबू पाठीले लावजा. लाकूड पोटाले."

तो अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीत बसून गेला, आणि इकडे प्रश्न उभा राहिला. धनुष्याची पाठ कोणती?

जगन्नाथ म्हणाला, "सोपं आहे. आपन धनुष्याच्या मांगं उभे राहतो. तं आपल्याकडची ते पाठ."

केवलराम म्हणाला, "पन धनुष्य आपल्याकडं वाकते न? मानूस वाकते तवा पाठ बाहेर राहते. पाठ तिकडची."

"मंजे वाघाकडं?"

"हव."

"वाघाकडं पाठ करून कोन उभं राहते रे?"

मग गावभर विचारत सुटलो. शाळामास्तर म्हणाले, देवळातल्या रामाच्या मूर्तीत पाहा. गेलो. रामानं धनुष्य आडवं खांद्याला लावलेलं. वैद्यबुवा म्हणाले, पाठीला कणा असतो, कणा शोधा. पोस्टातल्या बाबूनं तर आम्हालाच विचारलं, "आप लोग लकड़ी का काम करते हैं ना?"

शेवटी निवाडा माझ्याकडं आला. मी पुस्तकाची पाठ डोळ्यापुढं आणली. पुस्तक वाचताना त्याची पाठ आपल्याकडं नसते. मग मनात आलं, पण कपाटात ठेवलं की ती आपल्याकडंच असते. मी म्हणालो, "जगन्नाथचं बरोबर."

बांबू आतून लागला. त्यातही मिस्त्रीनं त्याची वरची चकचकीत साल रंध्यानं साफ केली, सरस नीट धरावा म्हणून. सरस कातड्यापासून होतो म्हणून केवलरामनं हात लावला नाही. तो लांबूनच अंबाडीचा दोरा धरून उभा राहिला आणि जगन्नाथ धनुष्यच फिरवून फिरवून तो गुंडाळत राहिला.

सुकरू आला. पाहिलं.

"साल कुठं गेली?"

"साफ केली."

"बांबूचा जीव त्या सालीतच राहते, मिस्त्री. आन हे पाठ नाई. हे पोट आहे."

"वाघाकडं पाठ कोन करते?" जगन्नाथनं ठेवणीतला सवाल काढला.

"धनुष्य करते," सुकरू म्हणाला. "म्हनून तं त्याले धनुष्य म्हनते. सुतार नाई म्हनत."

*

तिसरं धनुष्य सगळं बरोबर झालं. साल राखली, बांबू बाहेर, धामण आत. फक्त वरचा हात, म्हणजे मुठीच्या वरचा भाग, कडक होता, खालचा जास्त वाकायचा. जगन्नाथनं फुटपट्टी लावली. दोन्ही हात सुताएवढेही कमी-जास्त नव्हते. तो पुन्हा पुन्हा मोजत राहिला.

सुकरूनं ते खुंटीवर आडवं अडकवलं, दोरी खाली ओढली आणि म्हणाला, "पट्टीनं नोको पाहू. वाकते कसं ते पाहा. जिथं वाकत नाई तिथं पोटाकडून खरवड. थोडंसंच."

जगन्नाथ जेवायला गेला. सुकरू मागच्या फाटकावर होता. मला वाटलं, एवढं तर मीही करू शकतो. काचेचा तुकडा घेतला आणि वरचा हात खरवडला. मग खालचा कडक वाटला. तो खरवडला. मग परत वरचा. असं दोघांना समजावता समजावता दुपार टळली. शेवटी दोन्ही हात अगदी सारखे वाकले. फार सुंदर वाकले. करंगळीनं ओढलं तरी वाकले.

तेवढ्यात पुढच्या फाटकाशी एक म्हातारा पिंजारी थांबला. त्यानं धनुष्य घेतलं, दोरी छेडली, कान लावून ऐकलं.

"वाह मुन्शीजी, ऐसी नरम धुनकी अब कौन बनाता है? हमारे वालिद के पास थी. किसके लिए है?"

"तुमच्यासाठीच," म्हणालो आणि दिली त्याला.

जगन्नाथ परत आला. "धनुष्य कुठं आहे?"

"गाद्या पिंजायला गेलं."

जगन्नाथ हसला. मीही हसलो. सुकरू हसला नाही. पुनवेला नऊ दिवस उरले होते. तो माझ्यासमोर उकिडवा बसला आणि जमिनीकडं पाहत बोलला, "मुन्शीजी, भावाच्या घरी बाण घासून राहिले. कालच्या गाडीनं मानूस आलता, सांगून गेला. माही माय जेवून नाई राहिली." त्या दिवशी मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी त्याच्याकडं पाहू शकलो नाही.

दुसऱ्या दिवसापासून जगन्नाथ बोलायचा बंद झाला. हे कधी झालं नव्हतं. शेवटचा धामणीचा फाटा त्यानं घेतला. फुटपट्टी माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि खुंटीखाली बसला. दोन वेळा खरवडायचा, दहा वेळा दोरी ओढून पाहायचा. मला तिकडं फिरकायची बंदी. सातव्या दिवशी त्यानं सुकरूला हाक मारली.

"बरोबर आहे का गा?"

सुकरूनं दोरी छातीपर्यंत ओढली आणि हळूच सोडली. "हव," म्हणाला. जगन्नाथ लगेच पाठ फिरवून हत्यारं आवरू लागला. डोळ्यात भुसा गेला म्हणाला. त्या दिवशी डेपोत आरा चाललाच नव्हता.

*

पुनवेला आम्ही चौघंही गेलो. सुकरू म्हणाला, "तुमी बी चला," आणि आम्ही धनुष्य पोत्यात गुंडाळून छोट्या गाडीत बसलो. उतरल्यावर पुढं जंगलातून पायी.

साजाच्या, म्हणजे ऐनाच्या झाडाखाली देवाचं ठाणं होतं, तिथं सगळं गाव जमलं होतं. एका बाजूला चुलतभाऊ आपलं धनुष्य घेऊन तयार उभा. देवाचा पुजारी, त्याला तिथं भुमका म्हणतात, म्हातारा होता. त्यानं आमचं धनुष्य हातात घेतलं, बांबूवरून अंगठा फिरवला, मान डोलावली. मी जगन्नाथला कोपर मारलं.

मग भुमकानं विचारलं, "घरचं आहे का?"

आता बघा. सुकरू तीन महिने 'घरचं धनुष्य' म्हणत होता. आम्ही समजत होतो, घरी केलेलं, बाजारचं नव्हे. तिथं उभं राहिल्यावर कळलं की घरचं म्हणजे घराण्याच्या माणसानं केलेलं.

सुकरू म्हणाला, "हव. घरच्याइनंच केलं. हे तिघं."

भुमकानं जगन्नाथची काळी टोपी पाहिली, केवलरामची कंठी पाहिली, माझा चष्मा पाहिला. चुलतभावाची माणसं हसू लागली.

त्यांच्यात घराणी देवांवरून मोजतात. कुणी चार देवांचे, कुणी सहा, कुणी सात. आकडा जुळला तर भाऊ. हे मला आज ठाऊक आहे. तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि सुकरूला सांगायचं सुचलं नव्हतं.

भुमका जगन्नाथसमोर येऊन उभा राहिला. "किती देवाचे?"

जगन्नाथ बोटं मोजू लागला. मारुती, खंडोबा, विश्वकर्मा, आणि तिथं अडकला. भुमका केवलरामकडं वळला. केवलरामनं हात जोडून सरळ सांगितलं, "एक."

लोक मोठ्यानं हसले. चुलतभावानं बाण दोरीला लावला. सुकरूची आई एका दगडावर बसली होती, तिनं पदर तोंडाला लावला. सुकरू माझ्याकडं पाहत होता. भुमकाही माझ्याकडंच आला.

"आन तुमी?"

मी म्हणालो, "तेहतीस कोटी."

हसणं थांबलं. भुमकानं सुकरूकडं पाहिलं. "येवढे?"

"हव," सुकरू म्हणाला. "आपले सात त्यातच आले."

भुमकानं झाडाला हात जोडले. मग त्यानं धनुष्य सुकरूच्या हातात दिलं.

"मंग सोड बाबा बाण. येवढे देव येऊन उभे आहेत, त्याइले कायले ताटकळत ठेवतं?"