काडतुसांचं टपाल

"पन्नास वर्सं मी कॉफीच्या डब्यात हात घालून काडतूस काढतुया," होबर्ट तळघराच्या जिन्यावरनंच म्हणाला. "कवा चुकलोय का?"

"गेल्या साली," त्याची बायको डेल्फा म्हणाली. मान काही वर केली नाही.

गेल्या साली हरणांच्या हंगामाच्या पहिल्याच सकाळी तो डोंगरावर ओकच्या बुंध्याला पाठ लावून बसला होता. उजाडताना रायफल भरायला घेतली, तर काडतूस आत बसेना. दुसरं घेतलं, तेही अडलं. रायफल दोनशेसत्तर मापाची आणि खिशातली वीसच्या वीस काडतुसं तीस-सहा मापाची. दोन्हींचं बूड सारखंच, फरक काय तो गोळीच्या जाडीत. ही झटापट चालली असताना दहा टोकांच्या शिंगांचा नर समोर येऊन उभा राहिला. त्यानं बराच वेळ गंमत बघितली आणि सावकाश चालत निघून गेला.

आता होबर्टला पल्याडच्या कड्यावरच्या हरणाचा कान हललेला दिसतो. पण हातातल्या काडतुसाच्या बुडावरचे बारीक आकडे काही दिसत नाहीत, आणि जवळचा चष्मा लावण्यापेक्षा मेलेलं बरं असं त्याचं मत. ही गोष्ट वेस्ट व्हर्जिनियाच्या त्या खोऱ्यात चर्चपासून गिरणीपर्यंत सगळ्यांनी चघळली. डोंगरावरच्या शिकारी खोपटाचा कारभारी म्हणजे डेल्फाचा धाकटा भाऊ ओकी. त्यानं तर जाहीर करून टाकलं की यंदा दाजींनी शिकार सोडून खोपटात घेवडा शिजवावा, नाहीतर घरी बसावं. होबर्ट म्हणाला, घरी बसतो.

डेल्फाची अडचण झाली ती इथं. शिकारीचा आठवडा तिचा होता. बाप्ये डोंगरावर गेले की खोऱ्यातल्या सहा बायका तिच्या स्वैपाकघरात जमायच्या. काळ्या बोरांची दारू, पत्ते आणि मनमोकळ्या शिव्या. आठवडाभर जेवण कुठाय म्हणून विचारणारं कुणी नसायचं. तिथं होबर्ट चुलीशेजारी खुर्ची टाकून बसला म्हणजे संपलंच सगळं.

म्हणून ती तळघरात उतरली होती. एकतीस वर्षं तिनं टपालकचेरीत पत्रं लावलेली. घरभरची काडतुसं तिनं गोळा केली. कॉफीचे डबे, मोजे, गळाची पेटी, गाडीचा खण, इतकंच काय, होबर्टच्या चर्चला जायच्या कोटाच्या खिशातनंही तीन निघाली. सगळी जुन्या गोधडीवर ओतली आणि पत्रांसारखी लावत गेली. हिरवी पडलेली, डाग धरलेली बाजूला काढली, ती शेरीफच्या कचेरीत नेऊन द्यायची. छर्ऱ्यांच्या बंदुकीची पिवळी, बारीक वीस नंबरची काडतुसं जाड बारा नंबरच्यांपासून लांब ठेवली, कारण पिवळं चुकून बाराच्या नळीत घसरलं आणि मागनं दुसरं भरून बार काढला, तर नळीही फुटते आणि माणूसही. मग लष्करातनं निघालेले हिरवे पत्र्याचे डबे पुसून एकेकात एकेक माप भरलं आणि मांडणीवर जड खाली, हलके वर असे रचले.

डब्यांवर लावायच्या चिठ्ठ्या तिनं आधी हातानं लिहिल्या. होबर्टनं डोळ्यापुढं धरून पाहिल्या, मग हात लांब करून पाहिल्या, आणि हे मुंग्यांचं हगणं कुणाला वाचता येतंय म्हणून परत दिल्या. तेव्हा तिनं पशुखाद्याच्या दुकानाची जुनी कॅलेंडरं काढली. त्यांतल्या तारखा तळहाताएवढ्या. सत्तावीस तारीख आणि पुढं दहातलं शून्य कापलं की झालं दोनशेसत्तर. तीस तारखेपुढं सहा तारीख. बाराची बारा, विसाची वीस. खळ लावून डब्यांच्या पुढच्या अंगाला चिकटवल्या, झाकणावर नाही, कारण एकावर एक डबा चढला की झाकण कुणाला दिसतंय.

होबर्टनं तरीही पैज लावली. डोळे मिटून सात काडतुसं ओळखतो, सगळी बरोबर आली तर कॉफीचे डबे जागेवर. सहा त्यानं फटाफट सांगितली. सातवं बोटांत फिरवलं, हुंगलं आणि छाती काढून म्हणाला, दोनशेसत्तर. निघालं तीस-सहा.

"आणि एकदा हुंग," डेल्फा म्हणाली.

होबर्ट हसत सुटला, इतका की त्याला पायरीवर टेकावं लागलं.

रविवारी दुपारी ओकी आला. डोक्यावर नारिंगी टोपी, तोंडावर आधीच हसू. तळघराच्या जिन्यावर त्यानं होबर्टला थांबवलं.

"दाजी, चष्म्याबिगर. तिथनंच सांगा, दोनशेसत्तर कुठं हाय? न्हाईतर घेवडा भिजत घालूनच आलोय मी."

डेल्फा एप्रनला हात पुसत उभी राहिली. हात कोरडेच होते. होबर्टनं शेवटच्या पायरीवरनं, लांब डोंगराकडं बघावं तसं, मांडणीकडं पाहिलं. मग तडक गेला, डाव्या हाताचा डबा ओढला, खटका उघडला आणि कागदी खोकं ओकीच्या हातावर ठेवलं. ओकीनं खिशातनं स्वतःचा चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि वीसच्या वीस बुडं एकेक करून वाचली. वाचता वाचता त्याचं हसू उतरत गेलं.

"चष्मा बरा दिसतुया तुला," होबर्ट म्हणाला.

ओकी खोकं परत देऊन मांडणीपुढं उभा राहिला. बोटानं तारखा वाचत गेला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "अक्का, माझ्या घरीबी कवातरी येशील का? न्हाई म्हंजे, माझीबी काडतुसं जरा मिसळलीत."

"पुढच्या आठवड्यात," डेल्फा म्हणाली. "हा आठवडा मला येळ न्हाई."

होबर्टला घेऊन ओकीची गाडी वळणाआड गेली तशी तिनं खोऱ्यात सहा घरी फोन लावले. प्रत्येकीला एवढंच सांगितलं की गेला, उद्या या. मग ती खाली उतरली. शिवणाच्या डब्यातही मूठभर काडतुसं निघाली होती. ती गोधडीवर ओतून, चष्मा नाकावर ओढून डेल्फा एकेक बूड वाचायला बसली.