थोरल्याच्या नळीवर

परराष्ट्र व्यवहारातल्या माझ्या कारकिर्दीबद्दल कुणी विचारलं की मी फोटो दाखवते. लोकांनाही तेवढंच हवं असतं. ऐंशीच्या दशकात मी दिल्लीत उपमंत्री होते आणि शिष्टमंडळात एखादी बाई असली की फोटो बरा येतो, एवढीच माझी पात्रता बऱ्याच जणांना दिसत होती. मीही त्यांना तेवढीच दिसू दिली. प्रत्येकाशी भांडत बसले असते तर तिसऱ्या महिन्यात घरी आले असते.

त्या सगळ्या वर्षांत अगदी माझं म्हणावं असं काम मी एकच केलं, आणि ते खोटं होतं. ते इथे लिहिते आहे. नावं मात्र एकही घालणार नाही. सगळा घोळ नावांनीच घातला.

आखाताकडच्या एका देशाने एक मालवाहू जहाज पकडून ठेवलं होतं. चोरटा माल भरल्याचा आरोप होता. कप्तान परदेशी, तो पहिल्या आठवड्यातच सटकला. अडकले ते नऊ भारतीय खलाशी, आणि त्यांतला एक आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातला, जयगडच्या खाडीकाठचा. या प्रकरणात हाताला काही लागणार नाही हे वरिष्ठांनी ओळखलं आणि फाइल माझ्याकडे सरकवली. कित्येक महिने नुसती पत्रं गेली नि आली. शेवटी त्या देशाने एक अट घातली. ही नऊ माणसं कागदावर आहेत तीच आहेत, अशी खात्री भारताच्या मंत्र्याने स्वतःच्या सहीने द्यावी. एकाचा जरी कागद खोटा निघाला तर नऊही जणांवर हेरगिरीचा खटला चालेल.

मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं. सही करण्याआधी मी रत्नागिरीला आले, म्हटलं आपल्या माणसाच्या घरी बातमी आपणच सांगावी. विश्रामगृहावर त्याच्या आईला बोलावून घेतलं. म्हातारी आली, सोबत तिशीचा एक मुलगा घेऊन. मी यादीतलं नाव वाचलं आणि म्हटलं, "मावशी, मुलगा महिनाभरात घरी येतो बघा."

म्हातारीने शेजारच्या मुलाच्या दंडाला धरलं. "बाय, तू नाव वाचलंस ना, तो ह्यो. तिकडं हाय तो धाकटा."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि मी हातातली यादी पालथी ठेवली.

खलाशाकडे त्याच्या नोकरीचं सरकारी पुस्तक असतं, त्यावर नाव, फोटो, आजवरची जहाजं. आमच्याकडे त्याला नळी म्हणतात. जुन्या काळी तो कागद पत्र्याच्या नळीत घालून नेत म्हणे. थोरल्याची नळी होती. जहाजावर चढायची तारीख आली आणि तो नेमका तापाने आडवा झाला. तारीख चुकली तर नोकरी गेली. धाकट्याला स्वतःची नळी नव्हती, म्हणून तो थोरल्याच्या नळीवर गेला. आमच्या किनाऱ्यावर तेव्हा यात कुणाला लबाडी वाटत नसे. भावाची होडी न्यावी, जाळं न्यावं, तशी नळी न्यायची. दोघांची मिशी सारखी, आणि भरती करणाऱ्याला आम्हा कोकण्यांची तोंडं सगळी एकच.

"मावशी, हे मला आधी सांगायला काय झालं होतं?" मी चिडून म्हटलं.

"तू इचारलंस कवा?"

महिनोन् महिने मी त्या माणसाच्या नावाने पत्रं लिहीत होते आणि तो इथे भाताची लावणी करत होता. मी जिल्ह्याची लेक म्हणून मतं मागितली होती, पण त्या घराचा उंबरा काही चढले नव्हते.

माझे सचिव उत्तरेकडचे, दारापाशी फाइल घेऊन उभे. मराठी त्यांना येत नव्हती. काय म्हणतात, असं त्यांनी विचारलं. "वाडीपर्यंत रस्ता मागतायत," मी म्हटलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं. पुढे त्या वाडीला रस्ता झालाही.

सही नाकारावी तर नऊ घरं बसतात. खरं सांगावं तर धाकटा तिथे बिननावाचा ठरतो आणि बाकीच्या आठांना घेऊन बुडतो. खोटी सही करावी नि ती उघडकीला आली तर मंत्रिपद जाईलच, पण पुढे भारताच्या सहीवर तिकडे कोण विश्वास ठेवणार? मी पंख्याखाली बसून होते. ज्याला सांगावं असा एक माणूस दिल्लीत नव्हता, आणि रत्नागिरीत तर नव्हताच.

मग मी थोरल्याला म्हटलं, "आजपासून तू इथे नाहीस. तू जहाजावर आहेस. कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. धाकटा घरी येईपर्यंत."

"किती दिस?" त्याने विचारलं.

"पंधरा दिवस."

ते पाच महिने झाले. आमच्या घरांना शिडी लावून चढायचा माळा असतो, पेंढा नि जुनी भांडी ठेवायला. थोरला त्यावर राहिला. चौकशीला पोलीस दोनदा येऊन गेले, वर्तमानपत्रवाले आले, म्हातारी सगळ्यांना सांगत राहिली की थोरला तिकडे कैदेत आहे नि धाकटा मुंबईला. वाडीला सगळं ठाऊक होतं. वाडीने तोंड उघडलं नाही.

मी सही केली, आणि बोलणी लांबत गेली. त्या देशाचा अधिकारी सभ्य होता, म्हणूनच मला त्याची भीती वाटायची. एकदा त्याने चहा ओतता ओतता विचारलं, या माणसाला तुम्ही स्वतः ओळखता का? "त्याच्या आईला ओळखते," मी म्हटलं. माझ्या उत्तराचं पुढे दिल्लीत कौतुक झालं, किती मोजकं बोलतात बाई. मोजकं बोलत नव्हते, घाबरले होते.

शेवटच्या फेरीत कैद्यांना भेटायची परवानगी मिळाली. एकेकाने पुढे येऊन आपलं नाव सांगायचं, त्यांचा कारकून यादीवर खूण करणार. धाकटा पुढे आला. हाडांचा सापळा झाला होता. समोर आपल्याकडची बाई बघून त्याचे डोळे भरले, आणि त्याच्या तोंडावर मला स्पष्ट दिसलं की हा आता खरं बोलणार. त्यांचा दुभाष्या हिंदी जाणत होता, शुद्ध मराठीतलेही चार शब्द पकडले असते त्याने. पुण्यात शिकताना जी बोली मी घासून घासून जिभेवरून काढली होती ती कुठून वर आली देव जाणे. मी भरभर म्हटलं, "आय बरी हाय तुजी. थोरला माल्यावर लपून ऱ्हायलाय. हितं तू थोरलाच. त्याचंच नाव सांग, आनि घरी जाईस्तोवर तेच सांग."

तो थांबला. मग त्याने भावाचं नाव सांगितलं. दुभाष्याने विचारलं, काय म्हणालात? आईचा निरोप दिला, मी म्हटलं.

नऊही सुटले. फोटो आले. वर्षभरात मला बढतीही मिळाली, चिकाटीबद्दल.

पुढच्या दौऱ्यात मी त्या घरी गेले. कागदावर सगळं जागच्या जागी होतं. थोरला कैदेतून परत आलेला, धाकटा मुंबईहून आलेला. फक्त त्या देशाने थोरल्याचं नाव काळ्या यादीत घातलं होतं, त्यामुळे त्याची नळी कायमची बाद झाली होती. ते सांगायलाच मी गेले होते. म्हातारीने पाणी दिलं, पण बस म्हणाली नाही.

"थोरला कुठे?"

तिने वर बोट केलं. "उतरत नाय. कुनी नावानं हाक मारली का पेंढ्यात शिरतो. तूच बोलव आता. तूच चढवलास."

मी शिडीपाशी गेले. वर अंधार होता. आता कुणी येणार नाही, सगळं संपलं, खाली ये, असं मी समजावून सांगितलं. तो उतरला नाही. मग मी त्याचं नाव घेऊन मोठ्याने हाक मारली. वर पेंढा सळसळला आणि गप्प झाला.

माझ्या मागे, दारात उभा असलेला धाकटा म्हणाला, "ओ."

म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पुन्हा हाक मारायचं धैर्य मला झालं नाही.