बदल्यात द्यायचा माणूस

अकरा वर्षांत मर्ल क्रूपकाने नऊ गावांच्या टोप्या घातल्या, आणि आर्डिथने, त्याच्या बायकोने, नऊ अंगणांत टोमॅटो लावले. त्यातला एकही तिच्या तोंडात पडला नव्हता. मे महिन्यात रोपं लावायची, जूनमध्ये फुलं, जुलैत हिरवी फळं धरायची, आणि मग क्लबच्या ऑफिसातून फोन यायचा की मर्लला अमुक गावाला दिलंय, परवा तिथे हजर व्हा. मागे राहिलेले टोमॅटो कोण खातं, हा प्रश्न आर्डिथला कधी सोडून गेला नाही. त्या माणसांची तोंडं तिने कधी पाहिली नव्हती, पण त्यांचं भलं व्हावं असं काही तिला वाटत नसे.

मर्ल अमेरिकेतल्या बेसबॉलमधला डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. वय छत्तीस. मोठ्या लीगमध्ये तो एकदाच, सतरा दिवसांसाठी जाऊन आला होता, आणि त्यातले पंधरा दिवस बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया चघळण्यात गेले. बाकी सगळा जन्म छोट्या गावांच्या छोट्या क्लबांत. त्याचा चेंडू वेगवान कधीच नव्हता. आता तर तो इतका निवांत यायचा की समोरच्या बाकावरून पोरं ओरडायची, "मर्ल, टपालाने पाठवलास का रे? तिकीट लावलंस ना?" पण फलंदाजापाशी येता येता तो चेंडू एकदम खाली बसायचा, दिवसभर उभं राहिलेला माणूस बसतो तसा, आणि बॅट त्याच्या डोक्यावरून हवेत निघून जायची. त्या एका बसण्यावर मर्लचं पोट चाललं होतं.

दहावं गाव आयोवातलं बेलफोर्ड. अंगणात काळी, ओली माती. आर्डिथने बारा रोपं लावली, हात धुतले आणि पायरीवर येऊन बसली.

"यंदा तुला दिलं तर तू जा. मी येत नाही."

"येत नाही म्हणजे?"

"म्हणजे हे पिकेपर्यंत मी इथे. तू पिकलास की नाही ते मला इतक्या वर्षांत कळलं नाही. यांचं तरी कळेल."

मर्ल हसला. ती हसली नाही.

"आणि पहिला टोमॅटो उतरवायला तू इथे नसलास," ती म्हणाली, "तर त्यानंतर कुठे राहायचं ते मी माझं ठरवीन."

जूनच्या मधोमध फोन आला. सातशे मैलांवरचं ग्रेंजर, टेनेसीतलं. बेलफोर्डने मर्ल दिला, आणि ग्रेंजरने बदल्यात कागदावर लिहून दिलं: एक खेळाडू, नाव मागाहून कळवू. धंद्याची ही जुनी रीत. माणूस आज न्यायचा, बदल्यातला माणूस ऑगस्ट संपायच्या आत सांगायचा.

"कुणाच्या बदल्यात चाललास?" आर्डिथने विचारलं.

"अजून ठरलं नाही."

"म्हणजे किंमत ठरायच्या आधीच दिलं तुला."

"तसंच म्हण."

"नीट जा. मोजे वरच्या खणात आहेत."

ग्रेंजरच्या मैदानाबाहेर एक टेलिफोनची पेटी होती. रोज दुपारी सरावाला जायच्या आधी मर्ल तिच्यात शिरायचा.

"केवढे झाले?"

"गोट्यांएवढे."

दहा दिवसांनी ते अक्रोडाएवढे झाले, मग अंड्याएवढे. टीममधली पोरं, त्याच्या निम्म्या वयाची, दार ठोठावून विचारायची, "आजोबा, आज काय माप?" तो सांगायचा. पोरंही ऐकून गंभीरपणे मान हलवायची.

ऑगस्टच्या पहिल्या मंगळवारी आर्डिथ म्हणाली, "एकावर लाली आलीय. शनिवारी उतरवते." मग तारेत नुसती घरघर. मर्लला वाटलं, सातशे मैल असेच आवाज करत असतील.

त्याच दुपारी मॅनेजर गस टॉलिव्हरने त्याला खोलीत बोलावलं. टेबलावर चार नावांची यादी.

"बेलफोर्डला यातला एक द्यायचाय. तू म्हातारा आहेस, पोरांना ओळखतोस. कुठला गेला तर आपलं नुकसान होणार नाही?"

मर्लने यादी वाचली. चारही पोरांचे हात चांगले होते. त्याने टेबलावरची पेन्सिल उचलली, खाली पाचवं नाव लिहिलं आणि कागद फिरवून ठेवला.

गसने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "हे तर तुझंच."

"हो, गस."

"तुझ्याच बदल्यात तूच?"

"कागदात काय लिहिलंय? एक खेळाडू. मी खेळाडू नाही का?"

"त्यावर मी मत देत नाही," गस म्हणाला. मग त्याचा आवाज जरा उतरला. "मर्ल, हे पेपरात येईल. तुझा कुठलाही सामना कुणाच्या लक्षात नाही, पण हे राहील. मेल्यावरही हेच छापतील."

मर्लने पेन्सिल खाली ठेवली. दर वेळी गाव सोडताना त्याने स्वतःला एकच गोष्ट सांगितली होती, की आपण कुणाला नकोसे झालो तसे दुसऱ्या कुणाला हवेसेही झालोय. बदल्यात कधी एखादा चेंडू झेलणारा कॅचर गेला, एकदा तर दोन माणसं गेली. त्या दोघांची नावं त्याला अजून पाठ होती. आता तराजूच्या दोन्ही पारड्यांत तोच बसणार होता, आणि काटा जरासुद्धा हलणार नव्हता.

"छापू देत," तो म्हणाला. "शनिवारच्या आत पाठव म्हणजे झालं."

"ते घेतील कशाला तुला?"

"त्यांचे दोन्ही डावखुरे पिचर खांदा दुखावून बसलेत. आर्डिथला वाण्याच्या दुकानात कळलं."

गसने फोन लावला. पलीकडचं हसणं खोलीभर ऐकू आलं. बराच वेळ. शेवटी त्याने फोन खाली ठेवला.

"चालेल म्हणतात. विचारत होते, नेला तसाच परत येतोय ना, मधे झिजला तर नाही."

कपडे बदलायच्या खोलीत पोरांनी त्याला घेरलं. "आजोबा, मग या सौद्यात फसलं कोण?"

"दोघंही," मर्ल बूट पिशवीत भरत म्हणाला. "दोघांच्याही वाट्याला मीच आलो."

जुन्या गाडीने दोन दिवस घेतले. शनिवारी दुपारी तो बेलफोर्डला पोचला तेव्हा आर्डिथ पायरीवर बसली होती. शेजारी सुरी आणि मिठाची वाटी, आणि तिची नजर अजून रोपावरच असलेल्या टोमॅटोकडे.

"पेपरात वाचलं," ती म्हणाली. "फोटो जुना छापलाय. बरा दिसतोस."

"आणि काय लिहिलंय?"

"ते तू वाचू नकोस. जा, उतरव."

त्याने डाव्या हाताने तो फिरवून तोडला. तिने दोन फोडी केल्या, मीठ घातलं. दोघं खात राहिली. अकरा वर्षं वाट पाहायला लावून तो टोमॅटो पिकला होता, आणि मर्लने तोंड वाकडं केलं.

"जरा आंबट आहे."

"मग? बदलून हवा का?" आर्डिथ म्हणाली.

"नको," मर्ल म्हणाला, आणि कोपरापर्यंत ओघळलेला रस पुसून उरलेली फोड तोंडात टाकली.