बाहीचा वास

इस्त्रीवालीच्या नाकाची त्या घरात सगळ्यांना धास्ती होती, आणि तिला स्वतःला त्या नाकाचा भलता अभिमान होता. अभिमान धरण्यासारखं दुसरं होतंच काय तिच्याकडे? नवरा कधीच सोडून गेला होता, राहती खोली दारूत गेली होती, आणि एकुलती एक लेक मामाकडे वाढली होती. मधला बराच काळ तिने एका बंद पडलेल्या थिएटरच्या जिन्याखाली झोपून काढला होता. आता ती हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या एका मोठ्या लाँड्रीत दिवसभर इस्त्री फिरवायची आणि संध्याकाळी दारू सोडलेल्या बायकांच्या या घरात परतायची. चादरीच्या गाठोड्याची गाठ सुटली की आत काय सांडलंय हे ती दुरूनच सांगायची. वाइन, कॉफी, खोकल्याचं औषध, काहीही. मुकादम म्हणायचा, "तुला पोलिसांनी घ्यायला हवं होतं." ती म्हणायची, "घेतलं होतं की. पण गजांच्या आतल्या बाजूला."

या घराची एक रीत होती. संध्याकाळी दारापाशी, चपलांच्या मांडणीशेजारी, एक बाई स्टुलावर बसायची. कामावरून येणारी प्रत्येक जण चपला काढायच्या आधी तिच्यासमोर वाकायची आणि दुपारी काय खाल्लं ते सांगायची. नुसतं 'हा' करून श्वास सोडायचा नाही, अख्खं वाक्य बोलायचं. स्टुलावरची ऐकायची, हुंगायची, आणि 'ये' किंवा 'थांब' म्हणायची. घर चालवणाऱ्या मोठ्या बाईंनी एकदा या कामासाठी मशीन आणलं होतं. ते बिघडलं आणि कपाटात जाऊन पडलं, कुणाला त्याची आठवणही आली नाही. बाई स्वतः एकेकाळी दारूपायी रस्त्यावर आलेल्या होत्या. त्या म्हणायच्या, "मशीनला कसली लाज वाटणार? आपल्यासारखीच्या तोंडावर खोटं बोलताना निदान जीभ तरी अडखळते."

'थांब' म्हटलं की त्यावर वाद नव्हता. घरातून काढायचं नाही, पण तिने खालच्या, बाईंच्या खोलीलगतच्या खोलीत झोपायचं, काही दिवस कामावर जायचं नाही, आणि घरात जे काही मिळायचं असेल त्यात तिचा नंबर शेवटी. आणि जिने 'थांब' म्हटलं, तिनेच दुसऱ्या दिवशी सकाळी तिला चहा नेऊन द्यायचा. स्टुलावर बसायची पाळी खरं तर फिरती असायची. पण इस्त्रीवालीचं नाक एकदाही चुकलं नव्हतं, त्यामुळे हळूहळू स्टूल तिचंच होऊन बसलं.

तर अशा या घरात खुर्चीवाली आली. वेताच्या खुर्च्या विणायचं काम करायची म्हणून खुर्चीवाली. बारीक चणीची, हसरी, आणि अशी काही मवाळ की इस्त्रीवालीला तिच्याकडे बघूनच दात आंबल्यासारखं व्हायचं. आल्या आल्या तिने जेवणघरातल्या मोडक्या खुर्च्या विणून दिल्या. लगेच सगळ्या तिच्याभोवती. स्वयंपाक बघणारी म्हातारी, जिला सगळ्या आजी म्हणायच्या, ती तर तिला चमच्याने भरवायचीच बाकी होती.

"खुर्च्या काय, मीही विणल्या असत्या," इस्त्रीवाली म्हणाली.

"मग एवढे दिवस काय खिळ्यांवर बसायची हौस होती होय?" आजी म्हणाली.

वर खुर्चीवाली तिला 'ताई, तुम्ही' म्हणायची. वयात फार तर चारपाच वर्षांचा फरक, आणि ही ताई! इस्त्रीवालीला वाटायचं, मुद्दाम म्हातारी करून ठेवते मेली.

इथवरचं चालून गेलं असतं. पण एका रविवारी इस्त्रीवालीची लेक भेटायला आली. लेक विशीची, चपलांच्या दुकानात कामाला. महिन्यातून एखाद्या रविवारी यायची आणि दिवाणखान्यातल्या बाकावर तासभर बसून जायची. ती इस्त्रीवालीला आई म्हणत नसे. 'अगं', 'ऐक ना', असं करून वेळ मारून न्यायची. आणि आल्याबरोबर तिचं नाक किंचित वर व्हायचं. लहानपणची सवय. शाळेतून आली की ती आधी आईजवळ जाऊन हुंगायची, आणि त्यावर ठरवायची की घरात दप्तर ठेवायचं की शेजारच्यांकडे जाऊन बसायचं. आता तिला स्वतःला ते कळतही नसे. इस्त्रीवालीला मात्र प्रत्येक वेळी कळायचं. लेकीने एकदा, फक्त एकदा, नाक वर न करता जवळ येऊन बसावं, एवढीच तिची इच्छा होती.

त्या रविवारी खुर्चीवाली बाकाच्या दुसऱ्या टोकाला वेत भिजवत बसली होती. लेकीने काहीतरी विचारलं, तिने काहीतरी सांगितलं, आणि बघता बघता दोघी खिदळायला लागल्या. लेक वेताची टोकं धरून बसली. जाताना म्हणाली, "येते हं, मावशी."

मावशी! पहिल्या भेटीत! जिने नऊ महिने पोटात वाढवली ती 'अगं', आणि ही कोण कुठली ती मावशी. इस्त्रीवाली त्या दिवशी जेवली नाही. आजीने विचारलं तर म्हणाली, भूक मेली.

आणि त्यातच कोपऱ्यातली खोली रिकामी झाली. घरात तेवढी एकच खोली अशी होती की जिथे दोन खाटा होत्या, आणि बाईच्या घरचं माणूस रात्री मुक्कामाला राहू शकायचं. तिथली बाई स्वतःचं बिऱ्हाड थाटून निघून गेली होती. इस्त्रीवालीने त्या खोलीचे पडदे स्वतःच्या हाताने धुऊन, कडक इस्त्री करून टांगले, ते काही उगाच नाही. दुसऱ्या खाटेवर लेक झोपलेली तिला आधीच दिसत होती. घरात सगळ्यांत जुनी तीच, मग खोली दुसरी कोणाला जाणार?

मोठ्या बाईंनी तिला बोलावून घेतलं. "तुझा हक्क आहे, मला मान्य आहे," त्या म्हणाल्या. "पण खुर्चीवालीची मुलगी सहा वर्षांची आहे. अनाथाश्रमात ठेवलीय. इथे तिच्याजवळ रात्री राहायला लागली, तर हळूहळू परत मिळेल. तुझी आता मोठी झालीये गं. रविवारी सांगेन काय ते."

"तुम्ही म्हणाल तसं, बाई," इस्त्रीवाली म्हणाली आणि बाहेर येऊन मोरीत तांब्या असा आपटला की आजी धावत आली. मोठी झालीये म्हणे! मोठी झाली म्हणजे काय आईची गरज संपली? लहान होती तेव्हा आई शुद्धीत नव्हती, आता शुद्धीत आहे तर लेक मोठी झाली. हा कुठला न्याय?

शनिवारी संध्याकाळी ती स्टुलावर बसली होती. एकेक जण वाकत होती, 'ये', 'ये', चाललं होतं. शेवटी खुर्चीवाली आली, घाईघाईने, गाल लाल. वाकली आणि म्हणाली, "ताई, दुपारी ब्रेड आणि उकडलेलं अंडं खाल्लं."

आणि इस्त्रीवालीच्या नाकात स्पिरिट शिरलं.

तिला त्याच क्षणी कळलं ते कशाचं आहे. लाकडाला लावायच्या पॉलिशचं. आणि ते बाहीतून येत होतं. पॉलिश करणारा आला नसेल, मालकाने हिच्या हातात फडकं दिलं असेल. तोंडाला अंड्याशिवाय कसलाही वास नव्हता. वास तोंडाचा घ्यायचा, कपड्यांचा नाही, हे तर तिनेच सगळ्यांना शिकवलं होतं.

ती म्हणाली, "थांब."

मागे जेवणघरात भांड्यांचा आवाज बंद झाला. खुर्चीवाली वाकलेलीच राहिली. तिने वाद घातला असता, ओरडली असती, तर इस्त्रीवालीला बरं वाटलं असतं. पण ती नुसती म्हणाली, "बरं, ताई," आणि अनवाणी खालच्या खोलीत गेली.

इस्त्रीवालीने त्या दिवशी दोनदा वाढून घेतलं. मस्त जेवली. आता खोटं कशाला सांगा, तिला आनंद झाला होता, मांजराने दूध पिऊन मिशा पुसाव्यात तसा.

सकाळी रीतीप्रमाणे ती चहा घेऊन खाली गेली. खुर्चीवाली खाटेवर ताठ बसली होती. कपडे कालचेच. डोळ्यांखाली काळं. रात्रभर अंथरुणाला पाठ लागली नव्हती, हे सांगायला नको होतं.

"ताई, एक विचारू? खरं सांगाल?" ती म्हणाली. "किती येत होता वास? म्हणजे थोडी प्यायले असेन, की खूप?"

इस्त्रीवाली कप धरून उभीच राहिली. "म्हणजे? तुला माहीत नाही?"

"मला आठवत नाहीये. माझं आधीपासून असंच व्हायचं. मधला वेळच पुसून जायचा. एकदा मुलीला घेऊन बाजारात गेले आणि एकटीच घरी आले. कुठे सोडली ते शेवटपर्यंत आठवलं नाही. पोलिसांनी आणून दिली. काल दुपारी मला दुकानात जरा डुलकी लागली होती. तेव्हाच कुठे जाऊन आले असेन. मला वाटलं होतं सुटलं आता. पण तुमचं नाक काही खोटं बोलायचं नाही."

इस्त्रीवालीने तिच्या बाहीकडे पाहिलं.

"मी बाईंना सांगणारे," खुर्चीवाली म्हणाली, "मुलीला इकडे आणूच नका म्हणून. न पिता राहणं वेगळं. पण प्यायलेली मलाच कळणार नसेल तर माझ्याजवळ लेकरू कसं ठेवायचं? खोली तुम्हीच घ्या. तुमची लेक किती गोड आहे."

झालं. खोली मिळाली. तेही हात जोडून. इस्त्रीवालीने कप खिडकीत ठेवला. जिना चढताना तिच्या मनात एकच होतं, की गप्प बसलं तर कोणाच्या बापाला कळणार नाही. खरंच कळणार नव्हतं. आणि वर जेवणघरात सगळ्या बसल्या होत्या, मोठ्या बाईही होत्या, आणि तिचंच तोंड उघडलं.

"वास बाहीला होता. पॉलिशचा. तोंडाला काही नव्हतं. मला तेव्हाच कळलं होतं."

मोठ्या बाईंनी हातातला चमचा खाली ठेवला. "मग थांब का म्हणालीस?"

"माझ्या पोटात दुखत होतं म्हणून."

"ओवा खायचास मग!" आजी म्हणाली, पण हसलं कोणी नाही. आजीसुद्धा नाही.

"हे तू खाली जाऊन तिला सांग," मोठ्या बाई म्हणाल्या. "माझ्यासमोर सांगून काय उपयोग?"

ती गेली. उभ्याउभ्या सांगितलं. खुर्चीवालीने आधी स्वतःची बाही नाकाला लावली, मग दुसरी लावली, आणि मग तिने इस्त्रीवालीच्या अशी काही थोबाडीत दिली की मवाळपणाचा सगळा हिशोब एका फटक्यात पुरा झाला. मग ती रडायला लागली. "नव्हते प्यायले," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती.

खोली खुर्चीवालीला मिळाली. इस्त्री केलेल्या पडद्यांसकट. आणि स्टूलही तिलाच मिळालं. बाई म्हणाल्या, "थांब ऐकल्यावर काय होतं ते हिला माहीत आहे. आता हीच बसेल." त्या हुंगण्यात काही दम नाही हे इस्त्रीवालीला पहिल्याच दिवशी दिसलं. खुर्चीवाली फार लांबून हुंगते, डोळे उघडे ठेवते, दारातल्या वाऱ्याकडे लक्ष नाही. रोज संध्याकाळी तिच्यासमोर वाकताना इस्त्रीवालीच्या मानेची शीर तडतडायची.

पुढे एका रविवारी लाँड्रीत जादा काम निघालं. कुठल्याशा मोठ्या जेवणावळीचे मेजपोस, टेबलांवर अंथरायच्या चादरी, आले होते. गाठोडं उचलताना रेड वाइनमध्ये चिंब भिजलेला एक मेजपोस तिच्या हातावर पिळल्यासारखा गळला. बाही कोपरापर्यंत भिजली. एरवी तिने ती धुतली असती. पण लेक यायची होती, उशीर झाला होता, ती तशीच धावत सुटली.

दार ढकललं तर लेक आत उभी. स्टुलावर खुर्चीवाली. लेकीचं नाक वर झालं, आणि ती एक पाऊल मागे सरकली. चेहरा एकदम शाळकरी झाला, दप्तर घेऊन उंबऱ्यात उभ्या असलेल्या पोरीचा. इस्त्रीवालीला सगळं कळलं. "अगं, हे कपड्याला..." ती म्हणायला गेली, आणि तिच्या लक्षात आलं की हे वाक्य तिने या पोरीला आधी शंभरदा ऐकवलंय, आणि दर वेळी ते खोटं होतं.

ती खुर्चीवालीसमोर वाकली. फटका खाल्लेला गाल पुढे आला. आता ही 'थांब' म्हणेल. का नाही म्हणणार? मी म्हणालेच होते की.

"दुपारी भात खाल्ला," ती म्हणाली. आवाज फुटला नाही. परत म्हणाली.

खुर्चीवाली या वेळी जवळ आली. डोळे मिटले. वारा अडवायला दार पायाने लोटलं. तोंडाचा वास घेतला, मग बाही उचलून तिचा घेतला, मग पुन्हा तोंडाचा. किती वेळ लावला बाईने!

"बाहीला आहे," ती म्हणाली. "तोंडाला नाही. या, ताई."

लेकीने आईकडे पाहिलंच नाही. "नक्की ना, मावशी?"

"नक्की."

तेव्हा कुठे लेकीचे खांदे खाली आले. ती पुढे आली, आईची भिजलेली बाही दुमडून कोपराच्या वर केली, आणि तिला बाकावर घेऊन गेली. अगदी चिकटून बसली. हाताला वाइनचा भपकारा येत होता, तरी नाक वर केलं नाही. दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या गमती सांगत राहिली. इस्त्रीवाली हसत होती, मान हलवत होती. इतक्या वर्षांत जे मागितलं ते मांडीला मांडी लावून बसलं होतं.

फक्त ते तिच्या शब्दावर आलेलं नव्हतं. लेकीने विश्वास ठेवला तो त्या स्टुलावरच्या बाईवर. इस्त्रीवालीने मान वळवून पाहिलं. खुर्चीवाली पुढच्या बाईला हुंगत होती, आणि पुन्हा डोळे उघडे ठेवले होते.

"डोळे मीट, अगं!" इस्त्रीवाली बाकावरून ओरडली. "आणि दार लाव!"