साळ्याचा डोंगा पाहून जळलो

मित्रहो, खरं सांगतो, आज मी साळ्यावर, म्हणजे बायकोच्या भावावर, जळलो.

सकाळी तो आणि मी आपापले डोंगे घेऊन सहकुटुंब तलावात फिरून आलो. काठावर येताच त्याच्या घरचे सगळे डोंगा धुवाले लागले. बायको चिखल खरडत होती, पोरी पाणी टाकत होत्या, हसणं थांबतच नव्हतं. मी मात्र माझा डोंगा एकटाच घासत होतो.

शेवटी माझ्या बायकोवर चिडलो. “तुले काहून हात लावाले होत नाही?”

ती म्हणाली, “मागं मी धुतला, तं तुमी माह्यासमोरच पुन्हा धुतला.”

मी बाजूला सरकून तिले जागा दिली. मग दोघांनी मिळून धुतला. कोपऱ्यात चिखल राहिला, तो मी तसाच राहू दिला.

तुमच्या घरी कोणी मदत करत नाही, की तुम्हीच करू देत नाही?