आधी बुडतो, मग निघतो

नगरच्या स्टँडवरून ठाण्याची एसटी पकडली तेव्हा माझ्याजवळ दोन जाड टॉवेल, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा, सुंठ आणि एक काम होतं: धाकट्या भावाचा बाप्तिस्मा करूनच परत यायचं. मी मुलींच्या वसतिगृहाची मेट्रन आहे. यादी केल्याशिवाय भाजीलाही जात नाही. टॉवेलपुढे खूण झाली होती, सुंठीपुढे झाली होती. विलासपुढची जागा तेवढी कोरी होती.

बाप्तिस्मा राहिला कसा, ते आधी सांगते. आम्हा बाकीच्या भावंडांचा तान्हेपणीच झाला. पाळकांनी (आमचे धर्मगुरू) कपाळावर पाणी शिंपडलं, आईवडिलांनी आमच्या वतीने वचनं दिली आणि आम्ही रडलो. विलासच्या वेळी त्याला गोवर निघाला, मग पाळकांची बदली झाली, मग मोठ्या बहिणीचं लग्न ठरलं. पुढे प्रत्येकाला वाटलं की दुसऱ्या कोणीतरी उरकून घेतलं असेल. आता विलास पन्नाशीला टेकलाय. ठाण्यात प्लंबर आहे आणि कल्याणच्या एका छोट्या मंडळीत (चर्चच्या समुदायात) जातो. तिथे मोठ्या माणसाचा बाप्तिस्मा नदीत बुडवून करतात. त्या रविवारी टिटवाळ्याला काळू नदीवर त्याची पाळी होती.

नाताळ नुकताच होऊन गेला होता. माळशेज घाटात धुकं इतकं होतं की खिडकीबाहेर पाहायला काही नव्हतं, म्हणून मी झोपून घेतलं. मुरबाडच्या पुढे जाग आली. भाताची मोकळी खाचरं आणि त्यांच्या मधोमध उभ्या राहिलेल्या उंच इमारती, असं विचित्र दृश्य होतं. प्रत्येक इमारतीवर पाण्याच्या काळ्या टाक्या. विलासचं शेत हेच, असं मनात आलं.

ठाण्याच्या खोपट स्टँडवर उतरून त्याला फोन केला. "रस्त्यातच आहे अक्का. पाच मिनिटं," तो म्हणाला. मी चहा घेतला, सगळ्या गाड्यांच्या पाट्या वाचून झाल्या. बाकावर शेजारी एक बाई नातवाचं स्वेटर विणत होत्या. कोण येणार आहे न्यायला, म्हणून त्यांनी विचारलं. भाऊ येतोय, प्लंबर आहे, असं मी सांगितलं.

"मग दुसरा चहा सांगा," त्या सुया न थांबवता म्हणाल्या.

दुसरा चहा संपल्यावर विलास आला. "मी मघाशीच आलेलो, तूच दिसली नाहीस," असं म्हणाला. त्याच्या कानात साबण होता.

संध्याकाळी जेवताना त्याने भाकरी अर्धी टाकली, तेव्हा काहीतरी बिनसलंय हे कळलं. त्याची बायको शोभा म्हणाली, "विचारा अक्का, तुम्हीच विचारा." मग त्याने सांगितलं. पाळकसाहेब बाप्तिस्मा घेणाऱ्याला आदल्या आठवड्यात विचारतात की पाण्यात कोणती एक गोष्ट सोडून येणार. याने तंबाखू सांगितली. ती सुटून बरीच वर्षं झाली आहेत, असं शोभाने भर प्रार्थनेत सांगून टाकलं. मग पाळक म्हणाले, कामाधंद्यातलं बघ काहीतरी, आणि नदीवर मला सांग. तेव्हापासून विलासची झोप उडाली होती.

"पाण्यात जातो तो जुना माणूस मरतो आणि वर येतो तो नवा, असं आहे ना?" तो म्हणाला. "मग नवा माणूस सोमवारी फोनवर काय बोलणार? मी घरातून 'निघालो' म्हणतो, दुसऱ्याच्या नळाखाली असताना 'पोचतोच' म्हणतो. ते सोडलं तर धंदा बसतो. न सोडता पाण्यात उतरलो तर नुसती आंघोळ. ती मी घरी करतो."

रविवारी येत नाही म्हणून पाळकांना कळवणार होता. मी म्हटलं, आधी शनिवारचा सराव कर. वसतिगृहात मुलींना पहाटे उठायची सवय मी अशीच लावते. एकदम जन्मभराचं बोलायचं नाही, एक दिवस करून बघायचं.

शनिवारी मी त्याच्या स्कूटरवर मागे बसून डोंबिवलीला गेले. आमच्या दोघांच्या मधे पान्यांची पिशवी होती. त्या प्रवासाचं वर्णन माझ्या कंबरेला विचारा. दर फोनला तो कडेला थांबायचा आणि मी मागून पाठीत बोट टोचायचे, म्हणजे खरं बोल. पहिल्या बाईंना त्याने सांगितलं, अजून वाटेत वडापाव खातोय. त्या हसल्या आणि म्हणाल्या, गंमत पुरे, लिफ्टपाशी पोचलात का?

इथे वेळेचं एक कोष्टक आहे आणि ते सगळ्यांना पाठ आहे. पाच मिनिटं म्हणजे तासभर. तासाभरात म्हणजे संध्याकाळी. संध्याकाळी म्हणजे उद्या. आणि उद्या म्हणजे नाही. प्लंबर कमी सांगतो, ऐकणारा वाढवून घेतो आणि हिशेब बरोबर जुळतो. आमच्या सरावाने त्या हिशेबाची वाट लागली. डोंबिवली पूर्वेच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी त्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. पंपाचा व्हॉल्व्ह गळत होता. विलासने त्यांना समोर उभं राहून सांगितलं की आज हातात दुसरं काम आहे, उद्या बाप्तिस्मा आहे, सोमवारी सकाळी नक्की येतो.

"अहो विलासराव, यायचं नसेल तर स्पष्ट सांगावं," सेक्रेटरी म्हणाले. "बाप्तिस्म्यापर्यंत कशाला जायचं?" आणि त्यांनी तिथेच दुसऱ्या प्लंबरला फोन लावला. तो पाच मिनिटांत येत होता.

परतीच्या वाटेवर विलासने वाजणारा फोन उचललाच नाही. माझ्या एका दिवसाच्या सरावात त्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक गेलं होतं. मीही बोट टोचलं नाही. तरी रविवारी पहाटे तो अंघोळ करून, पांढरा सदरा घालून बसलेला दिसला. नदीपर्यंत येतो, उतरेनच असं नाही, एवढंच म्हणाला.

मंडळीच्या सुमोतून आम्ही कल्याणला पाळकांना घेतलं. सलाम (आम्ही एकमेकांना असंच म्हणतो) झाले, आणि गाणी म्हणत टिटवाळ्याला पोचलो. गाव गणपतीच्या दर्शनाला आलेल्या लोकांनी फुललं होतं. फुलवाल्याने हार पुढे केला. आम्ही नदीवर जातोय म्हटल्यावर, "येताना घ्या मग," असं म्हणून त्याने तो परत पाण्यात भिजवून ठेवला.

काळूचं पाणी थंडीत निवळशंख असतं आणि पाय बधिर करतं. काठावरच्या एका आगरी आजीच्या घरी कपडे बदलायची सोय होती. त्यांनी मला हात धरून उतरवलं. "बाय गो, शेवाल हाय, पाय जपून टाक." काय चाललंय ते मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी विलासकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मला विचारलं, पाणी गरम करून चालत नाही का?

विलास उतरला. कमरेपर्यंत पाण्यात, दात वाजताहेत, पाळकांचा हात खांद्यावर. पाळकांनी विचारलं, काय सोडतोस? काठावर शोभाने डोळे मिटले. आणि माझ्या हातातल्या टॉवेलांमध्ये विलासचा फोन वाजायला लागला. बंद करायचं कलम माझ्या यादीत नव्हतं.

वाजायचा थांबेना, म्हणून घेतला. डोंबिवलीचे सेक्रेटरी होते. विलासराव कुठे आहेत, त्यांनी विचारलं. नदीत, मी म्हटलं.

"पाण्यात?"

"कमरेपर्यंत."

"आमचा पंपही," ते म्हणाले. "कधी येतील?"

माझ्या तोंडावर "निघतोच आहे" आलं होतं. अगदी ओठांवर. मग सगळे माझ्याकडे बघताहेत हे दिसलं, आणि मी ओरडून विलासलाच विचारलं, डोंबिवलीचे आहेत, कधी येणार?

विलासने पाळकांकडे पाहिलं. मग काठाला ऐकू जाईल असं, एकेक शब्द सुटा करून बोलला. "सांग त्यांना, आधी बुडतो. मग कपडे बदलणार. मग इथे भाकरी खाणार, आजींनी केलीय. मग निघतो. ऊन उतरायच्या आत पोचत नाही. घाई असेल तर दुसरा बघा."

पाळक म्हणाले, "मिळालं मला उत्तर." आणि पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने त्यांनी माझ्या भावाला पाठीमागे कलतं करून पूर्ण पाण्याखाली नेलं. क्षणभर नदीवर काहीच नव्हतं. मग तो वर आला, नाकातोंडातून पाणी, हसतोय की रडतोय कळेना.

फोन अजून चालूच होता. "ऐकलं मी," सेक्रेटरी म्हणाले. "थांबतो. खोटं बोलणारा माणूस भाकरीचं सांगत नाही. कालचा अजून रस्त्यातच आहे."

तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची (अगदी बारीक सुकट) चटणी अशी ती पंगत झाली. माझ्या शेंगदाण्याच्या चटणीला आजींनी बरी म्हटलं. ऊन उतरता उतरता आम्ही डोंबिवलीत होतो. सुंठीच्या काढ्यावर तगलेला विलास पांढऱ्या सदऱ्यातच पंपाच्या खोलीत शिरला आणि ग्रीसने काळा होऊन बाहेर आला. शोभाने सदऱ्याकडे पाहून सुस्कारा टाकला. पाळक म्हणाले असते की नव्या माणसालाही धुणं चुकत नाही.

दुसऱ्या दिवशी खोपटला विलास मला सोडायला आला. गाडीत बसून मी यादी काढली आणि त्याच्या नावापुढे खूण केली. करताना एक विचार आला. माझ्या बाप्तिस्म्याला आईवडील माझ्या वतीने बोलले होते. नदीवर काल मला स्वतःला बोलायची वेळ आली, तेव्हा मी "निघतोच आहे" म्हणणार होते, तेही दुसऱ्याच्या वतीने.

तेवढ्यात नगरहून यजमानांचा फोन आला. कुठवर आलीस? दरवेळी मी मुरबाड सांगते. मुरबाड ऐकून ते कुकर लावतात आणि मी पोचेपर्यंत भात गार होतो.

"खोपटलाच आहे," मी म्हटलं. "ड्रायव्हर चहा पितोय. गाडी हललेली नाही."

पलीकडे कुकरचं झाकण खाली ठेवल्याचा आवाज आला. मग त्यांनी हळूच विचारलं, "तब्येत बरी आहे ना तुझी?"