ताटलीची मागची बाजू

आमच्या घरात एक ताटली आहे, तिची मागची बाजू कोणी घासायची नाही असा माझा दंडक आहे. नवरा हसतो. हसू दे.

ताटली मूळची आमची नव्हे. २००५-०६च्या सुमाराला आम्ही सिंगापुरात, सेरंगूनच्या कॉन्डोत राहत होतो आणि समोरच्या दारी एक अमेरिकन शिक्षिका राहायची. तिने एकदा सफरचंदं भरून भाजलेला ‘ॲपल पाय’ करून पाठवला, तो या ताटलीतून. सायीच्या रंगाची चिनी माती, कडेने गुलाबी फुलं, हिरवी पानं. तिच्या गावाजवळच्या डोंगरात एक कारखाना होता, तिथे आसपासच्या बायका ही फुलं हाताने रंगवायच्या. तो कधीच बंद पडला. आईच्या भांड्यांतली एवढी एकच उरलीय, हे तिने मला दारातच सांगितलं होतं. त्यामुळे मला माहीत नव्हतं म्हणायची सोय नाही.

तेव्हा सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. त्यांनी ताटली खिडकीशी नेऊन पाहिली. "एक पान जाड, एक बारीक. हाताचं काम आहे बाई," म्हणाल्या आणि पदराने पुसून ठेवली.

दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे आम्हा दोघींच्या अंगात मुरलेलं. पण त्यात काय घालून द्यायचं यावर एकमत होईना. मी तांजोंग पगारच्या ऑफिसातून दमून यायची आणि आणखी एक दिवस जायचा. तेवढ्यात गणपती आले. सेंगकांगला एका मराठी घरी जेवण होतं, प्रत्येकाने एक पदार्थ न्यायचा. सासूबाईंनी नारळाच्या वड्या केल्या आणि घरातली सगळ्यात देखणी म्हणून त्या याच ताटलीत रचायचं ठरवलं. दहा घरची भांडी एकत्र येणार, म्हणून रचण्याआधी त्यांनी माझ्या लाल नेलपॉलिशने मागे आमच्या आडनावाचं पहिलं अक्षर ठसठशीत काढलं. तिथे कागदी टेपचा एक जुनाट तुकडा चिकटलेला होता, तो आधी खोबरेल तेल लावून, घासून काढला.

माझी सात वर्षांची मुलगी म्हणाली, "आजी, दॅट वन नॉट अवर्स लाह."

"म्हणून तर नाव घालतेय. दुसऱ्याची वस्तू, हरवली म्हणजे?"

मी साडीला पिना लावत होते. ऐकलं आणि हसले.

ताटली सुखरूप परत आली. दुसऱ्या दिवशी ताज्या वड्या घालून आम्ही दोघी ती द्यायला गेलो. शेजारणीने वड्या डब्यात काढल्या, ताटली धुवायला म्हणून उलटी केली आणि नळ सुरू न करता तशीच उभी राहिली.

"इथे टेप होती," ती म्हणाली.

तिची आई चर्चच्या जेवणाला याच ताटलीतून पदार्थ न्यायची. ताटली घरी परत यावी म्हणून मागे टेप लावून तिने स्वतःचं नाव लिहिलं होतं. आईच्या हातचं लिहिलेलं एवढंच काय ते तिच्याकडे होतं.

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण तिचा चेहरा त्यांना कळला. मी मराठीत सांगितलं. त्या पुढे झाल्या आणि तिचा हात धरला.

"चुकले गं पोरी," त्या म्हणाल्या. "परक्या घरी जाताना आम्हीही असंच नाव घालतो. तुझ्या आईने घातलं होतं, तेच मी पुसलं."

मी ते इंग्रजीत सांगितलं आणि घरून ॲसिटोन आणते म्हणाले, निदान लाल अक्षर तरी जाईल. शेजारीण डोळे पुसत म्हणाली, "नको, राहू दे. मागची बाजू अगदीच कोरी नको." आणि तिथेच उभ्याने तिने एक वडी खाल्ली.

दोन वर्षांनी ती कायमची परत गेली. जाताना ताटली आणून दिली. रिकामी नव्हती, ॲपल पाय होता. म्हणाली, "नाव तुमचं आहे, तर तुमच्याकडेच असू दे."

सासूबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांना पत्रं लिहायची सवय नव्हती, रोज फोन असायचा. त्यांच्या हातचं लिहिलेलं म्हणून मी घरभर शोधलं. लाल नेलपॉलिशमधलं ते एक अक्षर सापडलं.